शिंके, कुंडी आणि वंदा : पनवेल परिसरातील टांगत्या फुलझाडांच्या नावांचा इतिहास

पनवेल शहरातून मुंबई-पुणे हमरस्त्याला लागले म्हणजे रोपवाटिकांच्या जाळीदार छपरांखाली एक वस्तू हमखास दृष्टीस पडते. तारेच्या परडीला आतून काथ्याचे अस्तर लावलेले असते, ती तीन साखळ्यांनी आडव्या नळीला टांगलेली असते, आणि तिच्या काठावरून पिटुनियाची किंवा चिनी गुलाबाची फुले खाली उतरलेली असतात. विकणारा या वस्तूला ‘हँगिंग’ म्हणतो आणि घेणाराही ‘हँगिंग’च म्हणतो. इंग्रजीतील विशेषण मराठीत नाम झाले, त्याला वचन मिळाले, ‘दोन हँगिंग बांधून द्या’ असे वाक्यही रूढ झाले. मूळ समासातील ‘बास्केट’ हे पद मात्र वाटेतच गळून पडले. हा शब्द परका का, असे विचारल्यास वस्तू परकी म्हणून शब्द परका, असे उत्तर सहज दिले जाते. प्रस्तुत लेखकास हे उत्तर अपुरे वाटते. या वस्तूचे घटक सुटे करून पाहिले असता त्यांपैकी एकही आपल्या भाषेला नवा नाही, असे आढळून येते. नवी होती ती त्यांची जोडणी. आणि ही जोडणी ज्या घरात झाली त्या घराची भाषा इंग्रजी होती.

प्रथम टांगण्याच्या साधनाचा विचार करू. मराठीत त्यास शिंके किंवा शिंकाळे म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘शिक्य’ या शब्दापासून आला, याविषयी मतभेद नाही. अथर्ववेदाच्या नवव्या कांडात घराला उद्देशून जे शालासूक्त आहे, त्यात घराच्या आतील बाजूस बांधलेल्या शिक्यांचा उल्लेख येतो. म्हणजे आपल्या वाङ्मयात घराचे पहिले तपशीलवार वर्णन येते तेथेच शिंकेही येते. शतपथ ब्राह्मणात अग्निचयनाच्या विधीमध्ये मातीच्या उखेत ठेवलेला अग्नी शिक्यात घालून यजमान गळ्यात धारण करतो. पुढे हेच शिंके लोण्याचे आणि दह्याचे झाले. मुंग्या, मांजर आणि लहान मुले या तिघांपासून अन्न राखण्याचा तो उपाय होता. शिंके तुटून बोक्याचे फावल्याची म्हण आजही बोलण्यात आहे, घरात शिंके उरले नसले तरी. गोपाळकाल्याची दहीहंडी हे त्याच शिंक्याचे रस्त्यावर आलेले रूप होय. अग्नी, दूध, दही या सर्वांना शिंक्याने आधार दिला. माती आणि झाड तेवढे त्यात कोणी ठेवले नाही.

टांगणे ही क्रियाच आपल्या घरास अपरिचित होती असेही नाही. कोकणातील जुन्या घराच्या ओसरीवर झोपाळा असे, माजघरात पाळणा असे, दारावर तोरण असे, आणि सधन वाड्यांत हंड्या-झुंबरे असत. नवरात्रात घटावर रोज एक फुलांची माळ सोडण्याची चाल तर घरोघर आहे. तुळईत बसवलेली लोखंडी कडी ही कोकणी घराची एक प्रमुख सोय म्हणावी लागेल. क्रियापदांकडे पाहिले तर हा परिचय किती जुना आहे याची खूण पटते. माणूस वस्तू ‘टांगतो’. भाताची लोंबी, वडाची पारंबी आपोआप ‘लोंबते’. आणि जिचा आधार बेभरवशाचा ती ‘लटकते’. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी एकच धातू पुरतो. तेव्हा मराठीत सूक्ष्मपणे बोलावयाचे झाले तर परडी टांगलेली असते आणि तिच्यातील झाड लोंबत असते, असा भेद करावा लागेल. लटकण्याची पाळी पहिल्या वादळी पावसात येते.

वनस्पती टांगण्याची एक पूर्ण विकसित परंपराही मराठी-कोंकणी मुलखात आहे. ती उत्तर कोकणात, पनवेलच्या बाजूस, ठळक नाही. तिच्यासाठी सिंधुदुर्ग आणि गोवा येथे जावे लागते. तेथे गणेशचतुर्थीस मूर्तीच्या वर छताला एक लाकडी चौकट टांगतात. सिंधुदुर्गात तिला माटवी आणि गोव्यात माटोळी म्हणतात. नारळाची पेंड, सुपारीचा घड, कवंडळ, कांगुणी, कळलावीची फुले अशा रानातून व परसातून आणलेल्या वनस्पती तिला बांधतात. भाद्रपदात रानात काय पिकले आणि काय फुलले याची ती जणू वार्षिक नोंदच असते, आणि या वनस्पतींची नावे घरातील लहानांना याच निमित्ताने कळतात. मात्र माटोळीतील सर्व काही तोडून आणलेले असते. ते काही दिवस राहते आणि विसर्जनानंतर उतरवले जाते. मुळे, माती आणि वाढ यांना त्यात स्थान नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. झाडाने जमीन सोडून अधांतरी वाढावे, ही कल्पना आपल्याकडे नव्हती काय? होती, आणि तिच्यासाठी जो शब्द होता तो पुढे जगभर गेला. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात ‘वन्दा’ हा शब्द आहे, आणि त्याच्या पर्यायांत ‘वृक्षादनी’ व ‘वृक्षरुहा’ हे दोन शब्द येतात. वृक्षादनी म्हणजे वृक्षाला खाणारी, आणि वृक्षरुहा म्हणजे वृक्षावर वाढणारी. आजचे वनस्पतिशास्त्र या दोहोंत कडक भेद करते. पहिल्या प्रकारची वनस्पती झाडाचा रस शोषते. आंब्यावरचे बांडगूळ या जातीचे. दुसऱ्या प्रकारची वनस्पती झाडाचा केवळ आधार घेते. तिची मुळे उघड्या हवेत राहून पावसाचे पाणी व सालीवर साठलेला पालापाचोळा यांवर तिचा निर्वाह होतो. आपण ज्यांना आमरी अथवा ऑर्किड म्हणतो त्यांतील सह्याद्रीवरच्या पुष्कळ जाती अशा आहेत. कोशकाराने दोन्ही गुण एकाच ‘वन्दा’ या नावाखाली बांधले. भेद त्याला कळला नव्हता असे मात्र म्हणवत नाही, कारण भेद दाखविणारे दोन स्वतंत्र शब्द त्याच ओळीत शेजारी शेजारी आहेत.

हाच ‘वन्दा’ शब्द सर विल्यम जोन्स यांनी उचलला. त्यांचा हिंदी वनस्पतींवरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या चौथ्या खंडात प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी बंगालमधील एका आमरीचे वर्णन या देशी नावाखाली केले. पुढे १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी ते नाव प्रजातिनाम म्हणून स्थिर केले. आज ‘व्हँडा’ या नावाने जगाच्या पुष्पबाजारात जी आमरी विकली जाते, तिच्या नावाचे मूळ हे असे आहे. ही व्हँडा सामान्यतः कुंडीत लावीत नाहीत. लाकडी पट्ट्यांची उघडी परडी घेतात, तीत माती जवळजवळ घालीत नाहीत, आणि मुळे खाली मोकळी सोडून परडी टांगतात. टांगत्या परडीत वाढविण्यास सर्वांत योग्य अशी जी वनस्पती, तिचे नाव संस्कृत. आणि त्या परडीस मात्र आपल्याला इंग्रजी नाव वापरावे लागते. मराठीत हा शब्द परतला तोही ‘व्हँडा’ असा, इंग्रजी उच्चार घेऊन. जोन्स यांनी वर्णिलेली जाती महाराष्ट्रातही होते. वैद्य तिला रास्ना या नावाने ओळखतात, जरी रास्ना कोणती याविषयी वैद्यकात वाद आहेच.

या संदर्भात ‘होर्टुस मलाबारिकुस’ या ग्रंथाचा उल्लेख टाळता येत नाही. कोचीचे डच अधिपती व्हान ऱ्हीड यांनी सिद्ध केलेले त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापले गेले. या कामी रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणीभाषी वैद्यांचे साह्य झाले होते, आणि त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात मुद्रित आहे. या ग्रंथात वृक्षावरील आमरींना ‘मरवाझ’ या मल्याळी शब्दाने ओळखले आहे. त्याचा अर्थ झाडावरची केळ. त्यांपैकी एक आमरी मराठीत ‘सीतेची वेणी’ म्हणून प्रसिद्ध आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या तोंडावर तिचा गुलाबी-पांढरा फुलोरा जाड वेणीसारखा खाली लोंबतो. आसामात हेच फूल बिहूच्या सणात स्त्रिया केसांत माळतात. मल्याळी मनुष्याने पान पाहून नाव दिले आणि मराठी मनुष्याने फुलाचे लोंबणे पाहून. मराठी नाव अधिक नेमके आहे असे म्हटल्यास पक्षपात होईल; परंतु तो करण्याचा मोह आवरत नाही.

आता ही अंगे एकत्र कोठे आली ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनजवळ आपल्या बागेत सर जोसेफ बँक्स यांनी उष्ण देशांतून आलेल्या आमरी शेवाळ घातलेल्या वेताच्या परड्यांत वाढवून पाहिल्या. कुंडीतील ओल्या मातीत त्यांची मुळे कुजत, म्हणून ही युक्ती. नॅथानिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरांनी १८२९ च्या सुमारास बंद काचपेटीत झाड दीर्घकाळ जगते हे पाहिले. त्यांच्या पेट्यांतून जिवंत रोपे महिनोन्‌महिन्यांच्या समुद्रप्रवासातून सुखरूप पोहोचू लागली. पाठोपाठ तारेच्या परड्या आल्या, नेच्यांचे वेड आले, आणि दक्षिण अमेरिकेतील पिटुनिया, फ्यूशिया व बिगोनिया या जातींनी त्या परड्या भरून गेल्या. आमरींच्या परड्यांना मात्र सागवानी पट्ट्याच पसंत पडल्या, कारण साग पाण्याने लवकर कुजत नाही. हा सागही आपल्याच बाजूचा.

मुंबई इलाख्यात ही पद्धत येण्यास जागा तयार होती. पुण्याजवळ दापोडीची सरकारी बाग १८२८ मध्ये सुरू झाली. डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८३८ पासून तिचे अधीक्षक होते. त्यांनी व डालझेल यांनी मिळून लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईची राणीची बाग १८६२ मध्ये आणि पुण्याची गणेशखिंड बाग १८७३ मध्ये उघडली. गणेशखिंडीचे वुड्रो यांनी ‘गार्डनिंग इन इंडिया’ हे पुस्तक लिहून साहेबांच्या बंगल्यांना बागकामाचा पाठ घालून दिला. पनवेल या दोन नगरांच्या वाटेवरचे बंदर. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर मुंबईहून होडीने पनवेल आणि तेथून गाडीने पुणे हा प्रवासाचा मुख्य मार्ग झाला; पुढे १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत पोहोचली आणि हे महत्त्व ओसरले. शेजारचे माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी प्रकाशात आणले, आणि तेथे बंगल्यांची वसाहत उभी राहिली.

बंगल्याबरोबर व्हरांडा आला. आपल्याकडे ओसरी होती, पडवी होती, तरी हा शब्द आपण घेतला. १४९८ च्या वास्को द गामाच्या सफरीच्या पोर्तुगीज वृत्तान्तात तो आढळत असल्याने त्याचे मूळ हिंदुस्थानात शोधणाऱ्यांना अडचण पडते. तो वाद येथे नको. आपल्याला उपयोगी आहे ती अर्थाची बाजू. ओसरी ही कामाची जागा: धान्य निवडणे, हिशेब लिहिणे, पाहुण्यास पाणी देणे हे सारे तेथे चाले. व्हरांडा ही बसून पाहण्याची जागा. ज्या जागेत मनुष्य आरामखुर्चीत बसून वर पाहतो, त्याच जागी डोळ्यांच्या उंचीवर फुले टांगण्यात अर्थ असतो. ओसरीवर टांगलेली ओली परडी सुपातल्या तांदळावर ठिबकली असती.

मराठीने या वस्तूस नाव का दिले नाही, याचे उत्तर माझ्या मते फुलांविषयीच्या क्रियापदांत आहे. आपण फुले खुडतो, वेचतो, ओवतो, वाहतो, माळतो. या पाचही क्रियांत फूल झाडापासून वेगळे होते आणि हातात येते. त्याकरिता जे पात्र लागते तिला परडी म्हणतात. देवीच्या भक्तांची परडीही तीच. तराजूचे ‘पारडे’ हा ध्वनी आणि अर्थ या दोहोंत तिच्या शेजारचा शब्द, आणि ते पारडे तर दोरांनी टांगलेलेच असते. पिटुनियाचे फूल खुडून देवाला वाहिले जात नाही, त्याची वेणी होत नाही, त्याचा गजरा होत नाही. जास्वंद, मोगरा, अबोली, सोनचाफा यांना अंगणात जागा मिळाली ती या पाच क्रियापदांच्या बळावर. टांगत्या परडीतील फुलाला सहावे क्रियापद हवे, ‘पाहणे’. आणि केवळ पाहण्याच्या फुलाचे नाव घरातून येत नाही, दुकानातून येते. हे विधान सर्वच परदेशी फुलांना लागू नाही. झेंडू मेक्सिकोकडचा, तो आपण दसऱ्याच्या तोरणात ओवला. सदाफुली मादागास्करची, तिला किती सुबक मराठी नाव मिळाले. परकेपण नावाच्या आड येत नाही, निरुपयोग येतो.

याला एक मजेदार अपवाद चिनी गुलाबाचा. ही दक्षिण अमेरिकेची वनस्पती. ती चिनी नव्हे, गुलाबही नव्हे. आपल्या घोळीच्या भाजीची जवळची बहीण आहे. तिची फुले ऊन चढल्यावर, कचेऱ्या उघडण्याच्या सुमारास उमलतात, म्हणून तिला ‘ऑफिस टाइम’ असे नाव पडले. शब्द दोन्ही इंग्रजी, पण नाव अस्सल इकडचे. नोकरदार वस्तीने फुलाकडे लक्ष दिले की नाव कसे घडते याचा हा स्वच्छ नमुना होय. पनवेलच्या उन्हात टांगत्या परडीत सर्वांत चिवट ठरते तीही हीच.

इंग्रजी पुस्तकातील लागवडीचा क्रम कोकणात जसाच्या तसा चालत नाही, हेही नोंदविले पाहिजे. विलायतेत परडी वसंतात भरतात आणि उन्हाळाभर ती फुलते. पनवेलला ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात पिटुनियाचा देठ कुजतो. म्हणून ती आश्विन संपता लावून फाल्गुनापर्यंत घ्यावी लागते, आणि पावसाळ्यात परडी नेच्यांकडे व आमरींकडे सोपवावी लागते. उन्हाळ्यात परडीची माती सर्व बाजूंनी वाळते. जमिनीवरची कुंडी ज्या पाण्यावर दोन दिवस काढते ते टांगलेल्या परडीस एका दुपारीही पुरत नाही. म्हणून अस्तर महत्त्वाचे. विलायतेत ते शेवाळाचे असते. येथे नारळाच्या सोडणाचे आणि काथ्याचे. भरताड हलके हवे: शेणखत, सोडणाचा भुसा, कोळशाचे खडे, आणि माती थोडीच. हे सांगणाऱ्या माळ्याच्या वाक्यात ‘हँगिंग’ खेरीज इतर सर्व शब्द मराठी असतात, हे ऐकण्यासारखे आहे.

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नंतरच्या दशकांत नवीन पनवेल वसले. घराची ओसरी गेली आणि गॅलरी आली; सज्जा हा जुना शब्द जवळ असूनही ती गॅलरीच राहिली. मुंबईच्या बांधकामधंद्यात खिडकीबाहेरच्या फळीस ‘फ्लॉवर बेड’ म्हणत. पुष्कळ घरांत ती फळी खोलीतच सामावली गेली आणि फुलांना ग्रिलच्या गजाखेरीज जागा उरली नाही. टांगणे हा आता शोभेचा प्रकार राहिला नसून जागेच्या टंचाईवरचा उपाय झाला आहे. याच काळात सुती दोऱ्यांच्या गाठी घालून विणलेले ‘मॅक्रमे’ नावाचे टांगणे दुकानांत आले. त्यात कुंडी ठेवून ती छताला अडकवितात. हे शिंकेच होय. वीण तीच, गाठही पुष्कळशी तीच. ज्यांच्या आजीच्या स्वयंपाकघरात शिंके होते त्यांनीही ते ओळखले नाही, कारण ते फुलांबरोबर आले आणि दुसरे नाव घेऊन आले.

परिभाषा घडविणाऱ्यांना येथे ‘लंबपुष्पपात्र’ असा एखादा शब्द सहज सुचेल. तो घडविण्यास अडचण नाही, बोलण्यास आहे. परदेशी नावांतही गोंधळ थोडा नाही: मलबार टेकडीवरच्या ‘हँगिंग गार्डन’मध्ये काहीही टांगलेले नाही, ती जलाशयाच्या छतावरची सपाट बाग आहे, आणि बाबिलोनच्या ज्या उद्यानावरून हे नाव आले तेथेही ग्रीक शब्दाचा रोख पायऱ्यापायऱ्यांनी पुढे झुकलेल्या सज्जांकडे होता. मला सुचवावेसे वाटते ते एवढेच की, ‘फुलांचे शिंके’ हा प्रयोग बोलून पाहावा. तो कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही, आणि ऐकणाऱ्याला वस्तू डोळ्यांपुढे दिसते.

आणखी एका नावाची नोंद करावयाची आहे. सावलीतील टांगत्या परडीसाठी रोपवाटिकांत ‘इम्पेशन्स’ या नावाने विकले जाणारे झाड पूर्व आफ्रिकेचे. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ उतावीळ. पिकलेल्या शेंगेस बोट लागताच ती फुटून बी उडते, म्हणून. याच प्रजातीचा आपला तेरडा. १९६८ पासून अभयारण्य असलेल्या कर्नाळ्याच्या उतारांवर तो श्रावण-भाद्रपदात आपोआप उगवतो, आणि तीन दिवसांच्या त्याच्या रंगाची म्हण सर्वांना ठाऊक आहे. रायगड जिल्ह्यातील पुष्कळ घरांत गौर म्हणून तेरड्याचीच रोपे मुळांसकट आणतात. त्या दिवसांत पनवेलच्या बाजारात तेरड्याच्या जुड्या जमिनीवर मांडलेल्या असतात, आणि हमरस्त्यावरच्या रोपवाटिकेत त्याचे आफ्रिकी भावंड साखळ्यांनी टांगलेले असते. एकाला तेरडा म्हणतात आणि दुसऱ्याला हँगिंग.